डागाळलेले नाणे खोटे नसते

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील बाजारांत नाण्यांवरून होणारी कुरबूर आता नवी राहिलेली नाही. नाणे काळे पडले आहे, त्यावर हिरवट डाग आहे, कडेचा रंग मधल्या रंगाशी जुळत नाही, अशी कारणे सांगून दुकानदार नाणे परत करतो. गिऱ्हाईक म्हणते, मलाही ते बाजारातच मिळाले. दुकानदार म्हणतो, ज्याने दिले त्याला परत द्या. शेवटी नुकसान कोणाचे होते, तर ज्याच्या हातात त्या क्षणी नाणे आहे त्याचे. आणि आपल्या भागात तो हात बहुधा मोहफुले, चारोळी, डिंक विकून दोन पैसे गाठीला बांधणाऱ्या माणसाचा असतो. त्याच्याजवळ दुसरे नाणे नसते आणि दुसऱ्या बाजाराला जायला गाडीभाडेही नसते.

मी कापडाचा धंदा करणारा माणूस आहे. धातूचे शास्त्र हा माझा विषय नाही. पण कापडाच्या धंद्यात जर आणि मुलामा यांच्याशी संबंध येतोच, आणि गल्ल्यातील नाणी तर रोजच हाताळावी लागतात. म्हणून दोन गोष्टी व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे मांडाव्यात असे वाटते. एक, खरोखर सडणारे नाणे कसे असते. आणि दुसरी, आपल्या देशात चालणारी नाणी तशी नाहीत, म्हणून डागावरून नाणे नाकारणे चूक आहे.

आतून सडणारे नाणे

सडणाऱ्या नाण्याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेचे आहे. तिथे एका सेंटच्या नाण्याला पेनी म्हणतात. १९८२ पर्यंत या नाण्यात ९५ टक्के तांबे असे. तांबे महाग झाले तेव्हा सरकारने हिशेब केला आणि त्याच वर्षी नाण्याचा धातू बदलला. आत जस्ताची चकती आणि वरून तांब्याचा पातळ थर, अशी रचना आली. नव्या नाण्यात ९७.५ टक्के जस्त आणि फक्त २.५ टक्के तांबे राहिले. वजन ३.११ ग्रॅमवरून २.५ ग्रॅमवर आले. रंग मात्र तोच राहिला. हातात घेतल्यावर सामान्य माणसाला फरक कळू नये अशीच ती योजना होती. (आपला गडचिरोली जिल्हाही १९८२ सालीच, २६ ऑगस्टला, चंद्रपूरपासून वेगळा झाला. म्हणजे त्या नाण्याचे आणि आपल्या जिल्ह्याचे वय सारखेच.)

कोरड्या जागी, वरचा थर शाबूत असेपर्यंत हे नाणे नीट राहते. पण एखादा ओरखडा पडला, ठशाखाली थर कुठे ताणला गेला किंवा कडेला बारीक छिद्र राहिले आणि तिथून ओल आत गेली, की काम बिघडते. प्रथम पृष्ठभागावर बारीक फोड दिसतात. मग फोड फुटून पांढरी भुकटी बाहेर येते. पुढे नाण्याला खड्डे पडतात, कडा खाल्ल्या जातात, आणि फार दिवस ओलीत राहिले तर वर तांब्याचे टरफल आणि आत पोकळी अशी अवस्था होते.

असे का होते, हे आपल्या कारागिरांना पुस्तकाशिवाय समजेल. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये ओल, मीठ किंवा घाम आला, तर दोघांपैकी जो कच्चा तो स्वतः झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. तांबे आणि जस्त यांत जस्त कच्चे. लोखंड आणि जस्त यांतही जस्तच कच्चे. टॉर्चचा साधा सेल याच गुणावर चालतो. त्याचे बाहेरचे डबडे जस्ताचे असते, ते हळूहळू खाल्ले जाते आणि त्यातून वीज मिळते. सेल जुना झाला की डबडे फुटून पाणी सुटते, ते याच कारणाने. तांब्याचा मुलामा दिलेले जस्ताचे नाणे ओले झाले म्हणजे खिशात असा एक छोटा सेलच सुरू होतो.

आता घरावरच्या पत्र्याकडे पाहा. लोखंडी पत्र्यावरही जस्ताचाच थर असतो, आणि तो पत्रा आपल्या धुवाधार पावसात वर्षानुवर्षे टिकतो. मग तेच जस्त नाण्यात का टिकत नाही? फरक जागेचा आहे. पत्र्यावर जस्त बाहेर आहे. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. जस्त संपत आले की पत्र्याचा रंग बदलतो, मालकाला ते दिसते आणि तो वेळीच उपाय करतो. अमेरिकन नाण्यात जस्त आत आहे आणि तांबे बाहेर. तांब्याचे आवरण मोठे आणि ओरखडा लहान, त्यामुळे सगळा मारा त्या एका छिद्राखालच्या जस्तावर पडतो. वरून चमक, आतून सड. दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

त्याच देशाने १९४३ मध्ये युद्धासाठी तांबे वाचवायला पोलादाची सेंट नाणी काढली होती. त्यावर जस्ताचा थर होता. पण थर आधी पट्टीवर चढवला आणि चकत्या नंतर कापल्या, त्यामुळे कडा उघड्या राहिल्या आणि कडेने गंज धरला. मुलामा कितीही चांगला असला तरी जिथे तो पोचला नाही तिथून वस्तू जाते, हा धडा तिथे आधीच मिळाला होता.

शेवट काय झाला? २०२४ साली एक सेंटचे नाणे पाडायला ३.६९ सेंट खर्च येऊ लागला होता. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठी शेवटची पेनी पाडण्यात आली. कॅनडाने आपल्या एका सेंटचे वाटप २०१३ मध्येच थांबवले होते. म्हणजे स्वस्त धातू आत भरूनही ते नाणे स्वस्त पडले नाही.

मुलामा वाईट नसतो, लपवणे वाईट

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की मुलामा म्हणजे फसवणूकच. उर्दू शाळेत आम्ही मुलम्मा म्हणत होतो, मराठीत तो मुलामा झाला. शब्द एकच आणि कसबही एकच. कल्हईवाल्याचे उदाहरण घ्या. तांब्या-पितळेच्या भांड्याला तो नवसागर लावून आतून कथिलाचा थर देतो. त्यामुळे ताक, चिंच, आंबट वरण यांचा तांब्याशी संबंध येत नाही आणि अन्न कळकत नाही. ही कल्हई उडाली की घरातील बाईला लगेच दिसते. ती भांडे पुन्हा कल्हईला देते. हा प्रामाणिक मुलामा आहे. तो कशासाठी आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि झिजला की तो स्वतःच सांगतो.

आमच्या धंद्यातील जरीचेही तसेच आहे. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार असते आणि तिच्यावर सोन्याचे पाणी असते. नकली जरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा पातळ थर देतात. नकली जर विकणे हा गुन्हा नव्हे. लग्नाच्या हंगामात गरिबाच्या मुलीलाही जरीकाठ हवाच असतो. पण ती खरी म्हणून विकली आणि चार घामात काठ काळा पडला, तर तो दोष तांब्याचा नाही, विकणाऱ्याच्या जिभेचा आहे.

आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या बीदरमध्ये बिदरीचे कारागीर जस्ताचेच काम करतात. जस्तात थोडे तांबे मिसळून सुरई, डबी, हुक्का ओततात, चांदीची तार ठोकून नक्षी भरतात आणि मग किल्ल्याची माती आणि नवसागर यांनी ते मुद्दाम काळे करतात. जस्त काळे पडते, चांदी पांढरीच राहते आणि त्या विरोधातूनच वस्तूला किंमत येते. तिथे काळेपणा हा दोष नसून हुन्नर आहे. म्हणून धातूचा रंग बदलला एवढ्यावरून तो खराब झाला असे समजणे हे कारागिराच्या जातीला शोभत नाही.

आपली नाणी कशाची आहेत

आता आपल्या गल्ल्यातील नाणी पाहू. भारतात तांब्याचा मुलामा दिलेले जस्ताचे नाणे चलनात नाही. आपली नाणी दोन प्रकारच्या धातूंची आहेत.

पहिला प्रकार क्रोमियमयुक्त पोलादाचा. नोएडाच्या टांकसाळीतून १९८८ पासून अशी नाणी येऊ लागली. आजचे एक आणि दोन रुपयांचे नाणे या धातूचे आहे. त्यात सुमारे १७ टक्के क्रोमियम असते. हे क्रोमियम हवेशी मिळून पृष्ठभागावर अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारे कवच तयार करते. ओरखडा पडला तर ते कवच आपोआप पुन्हा बनते. खारट ओलीत किंवा गंजलेल्या खिळ्यांच्या डब्यात ठेवले तर तपकिरी ठिपके येतात, पण ते बहुधा वरचेवर असतात. लोहचुंबकाला ही नाणी चिकटतात, हा त्यांचा गुण आहे, खोट नव्हे.

दुसरा प्रकार तांब्याच्या मिश्रधातूंचा. पाच रुपयांच्या पिवळ्या नाण्यात ७५ टक्के तांबे, २० टक्के जस्त आणि ५ टक्के निकेल असते. वीस रुपयांचे बारा बाजूंचे नाणे २०१९ मध्ये जाहीर झाले. त्याच्या मधल्या चकतीतही हेच प्रमाण आहे, आणि कड्यात ६५ टक्के तांबे, १५ टक्के जस्त व २० टक्के निकेल आहे. दहाच्या नाण्याच्या कड्यातही तांब्याचा भाग मोठा आहे.

इथे काही बंधू म्हणतील, जस्त तर यातही आहे. होय, आहे. पण झाकलेले जस्त आणि मिसळलेले जस्त यांत फार अंतर आहे. मिश्रधातूत जस्त तांब्यात विरघळलेले असते, दुधात साखर असावी तसे. नाणे कुठेही घासा, कापा, आत तोच धातू निघतो. आत लपलेला कच्चा धातू नसल्यामुळे फोड येऊन भुकटी सुटण्याचा प्रश्नच येत नाही. नाणे काळवंडते ते फक्त कातडीवर.

आरमोरी-नागभीडकडील कोसा वापरणाऱ्याला ही गोष्ट सांगावी लागणार नाही. कोशाचा धागा जाडाभरडा, रंग मातकट, पण आतून बाहेरून एकच. कृत्रिम रेशीम दुकानात जास्त चमकते. म्हणून कोणी कोशाला खोटे म्हणत नाही.

आपल्या भागात नाणी लवकर का काळवंडतात

या दोन जिल्ह्यांत पाऊस भरपूर, जंगल दाट आणि हवेत चार महिने ओल असते. चंद्रपूर शहराच्या बाजूला कोळसा आणि वीजकेंद्राचा धूर आहे. धुरातील गंधकाच्या वायूंनी तांब्याचे मिश्रण काळे पडते. आतल्या गावांत नाणी बरेच दिवस मडक्यात, लुगड्याच्या गाठीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली जातात. प्लॅस्टिकमध्ये घाम आणि ओल अडकून राहते. बाजारात तेच हात मीठ, चिंच, सुकी मासळी आणि नाणी एकत्र हाताळतात. चिंचेची आंबटी आणि मिठाची खार यांनी तांब्यावर हिरवा डाग येतो. पूर्वीच्या ॲल्युमिनियमच्या दहा-वीस पैशांना पानठेल्यावरचा चुना लागला की खड्डे पडत, तेही असेच. ती नाणी २०११ च्या जून अखेरीस पंचवीस पैशांसह चलनातून गेली. पन्नास पैशांचे नाणे मात्र कायद्याने आजही चालते.

काही दुकानदार नाणी उजळण्यासाठी लिंबू, चिंच किंवा संडास साफ करण्याचे ॲसिड वापरतात. हे टाळावे. ॲसिडमध्ये जास्त वेळ राहिल्यास पितळी नाण्याच्या पृष्ठभागावरील जस्त निघून जाते आणि नाणे तांबूस दिसू लागते. मग हेच नाणे दुसऱ्या दुकानात गेले की तिथला माणूस म्हणतो, हे तांब्याचे पाणी दिलेले बनावट नाणे आहे. म्हणजे चांगले नाणे आपणच संशयास्पद करतो. नाणी फार मळली असतील तर साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच कोरड्या फडक्याने पुसावीत. गल्ल्यात कापडी थैली ठेवावी, प्लॅस्टिक नको. मीठ-चिंचेच्या दुकानात नाण्यांचा डबा वेगळा ठेवावा.

कायदा आणि व्यवहार

एके काळी आपल्या देशात सराफ प्रत्येक रुपया पारखून घेत आणि टांकसाळ, साल, झीज पाहून त्यावर बट्टा कापत. तेव्हा रुपयाची किंमत त्यातील चांदीत होती, म्हणून त्या पारखण्याला अर्थ होता. आज दहा रुपयांच्या नाण्याची किंमत त्यातील धातूत नाही, सरकारच्या वचनात आहे. तरीही काळ्या नाण्यावर बट्टा कापणे, दहाचे नाणे आठ रुपयांना घेणे, हे मग कशाचे मोल? ते फक्त समोरच्याच्या अडचणीचे मोल आहे. आपल्या धंद्यात मापात आणि मोबदल्यात कमी न करण्याला काय स्थान आहे, ते या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको.

२०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्यावरील नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत, पन्नास पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंत. नाणे मुद्दाम विद्रूप केलेले नसावे आणि त्याचे वजन ठरलेल्या मर्यादेखाली गेलेले नसावे, एवढीच अट आहे. डाग ही अट नाही. नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे मात्र गुन्हा असून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. भंगार आणि ओतकामाच्या धंद्यातील बंधूंनी हे ध्यानात ठेवावे.

दहाच्या नाण्याबद्दल अफवा फार पसरल्या. रुपयाचे चिन्ह नसलेले नाणे नकली, अमुक इतक्या रेघा असल्या तर नकली, असे लोक सांगत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले की तोवर निघालेली चौदाही प्रकारची दहाची नाणी खरी आहेत. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये ठरले आणि २०११ पासून नाण्यांवर आले, तर दहाचे नाणे त्याआधीपासून चलनात आहे. मग जुन्या नाण्यावर चिन्ह असणार कसे? एकाच किमतीची नाणी लहान-मोठी का, याचेही उत्तर सोपे आहे. २०११ चा रुपया २२ मिलिमीटरचा होता, २०१९ च्या मालिकेतील २० मिलिमीटरचा आहे. सालाखाली चौकट, तारा किंवा टिंब दिसले तर तो दोष नव्हे, ती अनुक्रमे मुंबई, हैदराबाद आणि नोएडा टांकसाळीची खूण आहे. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते.

दुकानदाराची बाजूही खरी आहे. तो म्हणतो, मी नाणी घेतली तर बँक घेत नाही. तालुक्याच्या शाखेत रोखपाल एकटा असतो, रांग मोठी असते, नाण्यांची पिशवी पाहून त्याच्या कपाळावर आठ्या पडतात. मलाही एका शाखेने उद्या या म्हणून तीनदा परत पाठवले आहे. पण रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. बँकेला नाणी नाकारता येत नाहीत, आणि खात्यात नाणी भरायला कमाल मर्यादा नाही. एक आणि दोन रुपयांची नाणी वजन करून घ्यावीत, किंवा शंभर-शंभर नाण्यांच्या पुड्या करून घ्याव्यात, असे बँकांना सांगितलेले आहे. आपण पुड्या बांधून नेल्या आणि लेखी पोच मागितली, तर बरेच काम सोपे होते.

काय करावे

देसाईगंज, ब्रह्मपुरी, मूल, आलापल्ली, अहेरी, सिरोंचा यांसारख्या बाजारपेठांत व्यापाऱ्यांनी एकत्र बसून एवढे ठरवावे, की डागावरून कोणतेही नाणे परत करायचे नाही आणि सुट्ट्याच्या जागी गोळ्या-चॉकलेट द्यायचे नाही. एक दुकानदार घेतो आणि दुसरा घेत नाही, यातूनच भीती वाढते. सगळ्यांनी घेतले की प्रश्न संपतो. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय वाढली हे खरे, पण जिथे मोबाईलला रेंज नाही तिथे आजही नाणे हाच व्यवहार आहे.

बँकांनी तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी आणि दिवाळीआधी तालुक्याच्या ठिकाणी नाणी घेण्या-देण्यासाठी एक दिवस वेगळा ठेवावा. नाण्यांचे प्रकार दाखवणारा मराठी, गोंडी आणि तेलुगू भाषेतील फलक बाजारात लावावा. सिरोंच्याच्या बाजाराला तेलुगू फलकाची गरज आहे, हे नागपूर-मुंबईच्या अधिकाऱ्यांना तिथे आल्याशिवाय कळणार नाही.

आणि सरकारला एक विनंती. नाणे पाडण्याचा खर्च वाढतो, तेव्हा स्वस्त धातूचा विचार कधीतरी पुढे येणारच. पोलाद वापरा, मिश्रधातू बदला, नाणे लहान करा. पण आत जस्त आणि वर तांबे, असा मार्ग भारतात आणू नका. अमेरिकेतील नाणे कोरड्या घरातील बरणीत पडून असते, तरी ते सडले. आपले नाणे मडक्यात, ओल्या गाठीत, मिठाच्या गोणीशेजारी आयुष्य काढते. असे नाणे इथे दोन पावसाळेही धड राहणार नाही, आणि त्याचा तोटा पुन्हा त्याच माणसाच्या गाठीतून जाईल ज्याच्याजवळ दुसरे नाणे नाही.